पाचवी चिमणी

आगमनकाळ सुरू झाला, की दोन पाहुण्यांची वाट पाहण्याची आम्हाला जुनी सवय आहे. एक पाहुणा बेथलेहेमच्या गोठ्यात येणारा. त्याच्याविषयी वेदीवरून बोलणे हे आमचे कर्तव्यच आहे. दुसरे पाहुणे उत्तरेकडून आकाशमार्गाने येतात. त्यांच्याविषयी आम्ही प्रवचनात कधी फारसे बोललो नाही. त्यांच्यापायी आमच्या हातून जे घडले, तेही आम्ही कित्येक वर्षे मनातच ठेवले. आज ते वाचकांपुढे मांडावेसे वाटते; कारण त्यातून उभा राहिलेला प्रश्न आमच्या एकट्याचा नाही.

पक्षी पाहण्याचा छंद आम्हाला पुण्याच्या सेमिनरीत लागला. नगर रस्त्यावरील त्या वास्तूपासून मुळा-मुठेचे पात्र फार दूर नाही. सकाळभर संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांच्या युक्तिवादांशी झुंजून शिणलेले डोके घेऊन आम्ही दोघे-तिघे संध्याकाळी नदीकाठी जात असू. हिवाळ्यात तेथे चक्रवाक उतरत. तांबूस भगव्या रंगाचे ते जोडपे, संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहासाठी अजरामर केलेले, आम्ही प्रथम तेथेच पाहिले. वसईच्या वाडीत वाढलेल्या आम्हाला तोवर बदक म्हणजे आवारातले, नाताळच्या आधी आठवडाभर ज्याच्याकडे सारे घर विशेष लक्ष देते ते, एवढेच ठाऊक होते.

पुढे गुरुदीक्षा झाली आणि काही वर्षांनी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका धर्मग्रामात आमची नेमणूक झाली. चर्चपासून तीन किलोमीटरवर एक जुना तलाव होता. पावसाळा सरला की त्याचे पाणी हळूहळू मागे हटे आणि मोकळ्या झालेल्या ओलसर जमिनीत लोक हरभऱ्याची गाळपेर करीत. त्याच सुमारास सैबेरिया, मध्य आशिया, तिबेट येथील पाणवठे गोठू लागत आणि तिकडचे पक्षी दक्षिणेची वाट धरीत. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग हे नोव्हेंबरात येऊन दाखल होत. एखाद्या वर्षी हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस हरभऱ्यात चरताना दिसत आणि गाळपेर करणाऱ्यांच्या शिव्या खात. आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर, निफाड तालुक्यात, नांदूर मधमेश्वरचे मोठे अभयारण्य आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या त्या पाणथळीला १९८६ मध्ये अभयारण्याचा आणि २०२० मध्ये राज्यातील पहिल्या रामसर स्थळाचा मान मिळाला. आमच्या तलावाला असा कोणताही मान नव्हता. तेथे पक्षी होते, आम्ही होतो, आणि शिकारीही होते.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून चालत आलेली आहे. हौशी माणसे आपापल्या पाणवठ्यावर जाऊन पक्षी मोजतात आणि आकडे कळवितात. आम्हीही शाळेतील आठ-दहा मुलांना घेऊन मोजत असू. त्यासाठी एक निळी वही केली होती. मुलांना सराव व्हावा म्हणून डिसेंबरातच दोन-तीन फेऱ्या होत.

अशाच एका फेरीत, आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटेच्या धुक्यात आमच्या पुढे चालणारा मुलगा एकदम थबकला. पाणकणसाच्या दोन बेटांमध्ये नायलॉनचे बारीक जाळे आडवे ताणले होते. त्यात चार चक्रांग आणि एक चक्रवाक अडकले होते. तिघांची धडपड संपली होती. चक्रवाकाची मादी अजून पंख झाडीत होती आणि तिचा जोडीदार वर ओरडत घिरट्या घालीत होता. मुले रडू लागली. तेवढ्यात जाळे लावणारा पलीकडून आला आणि आम्हाला पाहून जागीच उभा राहिला. तो आमच्याच धर्मग्रामातला होता. शेवटून दुसऱ्या बाकावर, बायको आणि चार मुलांसह दर रविवारी बसणारा.

आम्ही त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही. मुलांना घेऊन परत आलो आणि संबंधित खात्याला फोन केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, आणि परवाना घेऊन शिकार करण्याची जी वाट पूर्वी होती तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली आहे, हे आम्हाला पाठ होते. दुपारी त्याला नेले. तो अकरा दिवस कोठडीत होता. त्या अकरा दिवसांत नाताळ येऊन गेला. मध्यरात्रीच्या मिस्सेला ते बाक रिकामे होते.

तिसऱ्या दिवशी त्याची पत्नी आमच्या दाराशी आली. ती आरडाओरडा करील अशी आमची समजूत होती. ती शांतपणे म्हणाली, “फादर, पाखरं मोजून तुम्ही वहीत लिवता. आमच्या घरात खानारी तोंडं किती, ते कधी लिवलं का?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या नवऱ्याच्या पाठीला त्या वर्षी उसाची मोळी उचलताना दुखापत झाली होती. टोळी त्याला मागे ठेवून कारखान्यावर गेली होती आणि मुकादमाची उचल फेडायची राहिली होती. महामार्गावरचे ढाबेवाले एका जोडीला दोनशे रुपये देत. हे सारे गावाला ठाऊक होते. धर्मगुरूला तेवढे नव्हते.

याहूनही बोचणारी गोष्ट निराळीच आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. त्याच्या आदल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तलावावर दोन गाड्या आल्या होत्या. बारा बोअरच्या बंदुका होत्या, हास्यविनोद होता. चार-पाच बार झाले, सगळा तलाव आकाशात उडाला. जखमी होऊन वेलीत पडलेले पक्षी त्यांनी शोधलेसुद्धा नाहीत. त्या मंडळींपैकी एकाला आम्ही ओळखले. धर्मग्रामाच्या सणाला त्याने मंडपाचा खर्च दिला होता. त्या वेळी कायदा आम्हाला तितकाच पाठ होता. पण आम्ही फोन केला नाही. “अंधार होता, नीट दिसले नाही,” असे आम्ही स्वतःला सांगितले. संत याकोबाने आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घालून आलेल्या माणसाला मानाची जागा देणाऱ्यांची जी कानउघाडणी केली आहे, ती आम्ही वेदीवरून अनेकदा वाचली होती. ती आमच्यासाठीच लिहिलेली आहे, हे त्या नाताळात कळले.

मग प्रश्न असा, की पक्ष्याला मारणे हे पाप आहे काय? आमच्या धर्मग्रामातले एक वयस्क गृहस्थ म्हणत, देवाने पाखरे माणसासाठीच निर्माण केली, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात तसे अधिकारपत्र आहे. शेजारच्या वाडीतले एक माळकरी मित्र म्हणत, जीवहत्या ती जीवहत्या, तिच्यात कमीजास्त काही नाही. ख्रिस्तसभेची शिकवण या दोहोंच्या मधून जाते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मुभा आहे. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे किंवा त्यांचे जीव व्यर्थ घेणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे म्हटले आहे. जुनी धर्मसंहिता तर आमच्या वर्गाविषयी अधिकच स्पष्ट होती. १९१७ च्या संहितेच्या १३८ व्या कलमात धर्मगुरूंनी शिकारीच्या नादी लागू नये आणि गाजावाजाची शिकार तर कधीच करू नये, असा दंडक होता. सेमिनरीत तो वाचताना आम्हाला हसू आले होते. पोटासाठी जाळे टाकणे आणि गाजावाजा करून मारणे या दोहोंतील फरक त्या जुन्या कायदेपंडितांनी ओळखला होता, हे तेव्हा लक्षात आले नाही.

गाजावाजाच्या शिकारीचे टोक पाहायचे असेल, तर राजस्थानात भरतपूरला जावे. आज जगभरचे पक्षिप्रेमी जेथे जातात ते केवलादेव घना हे मुळात महाराजांचे बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र. तेथल्या दगडी फलकांवर शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मंडळींनी ४,२७३ पक्षी पाडले. इतके पक्षी कोणाच्या भुकेसाठी पडत नाहीत. आमच्या तलावावरच्या दोन गाड्या त्याच परंपरेतल्या, फक्त फलक कोरण्याची ऐपत नसलेल्या.

परंतु भरतपूरची गोष्ट तेथेच संपत नाही. ते राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ च्या नोव्हेंबरात तेथे गुरे चारण्यास बंदी झाली. भोवतालच्या गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, काही गावकरी मरण पावले. पक्ष्यांसाठी माणसे मेली. आणि पुढे काय दिसले? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे पाहणी केली, तेव्हा म्हशी बाहेर गेल्यामुळे पाणगवत बेसुमार माजून पाणी गुदमरते आहे आणि पक्ष्यांचीच जागा हिरावली जाते आहे, असा निष्कर्ष निघाला. ज्यांना शत्रू समजून बाहेर काढले, त्यांची गुरे त्या तळ्याची मशागत करीत होती. पाहणाऱ्याचे प्रेम शुद्ध असले तरी त्याचे ज्ञान अपुरे असू शकते.

शिकारी आणि पक्षिमित्र यांच्यातली भिंतही आपण समजतो तितकी जाड नाही. डॉ. सलीम अली यांचा पक्षिशास्त्रातला प्रवेश कसा झाला? लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या एका चिमणीमुळे. तिची ओळख पटवून घ्यायला मामांनी त्यांना सोसायटीत धाडले, आणि एका शिकारी मुलाचा ऋषी झाला. १९८५ मध्ये निघालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ते चिमणीच्या पतनाचे. ते वाचताच ख्रिस्ती वाचकाला सुवार्ता आठवते. अमेरिकेत बदकांची शिकार आजही कायदेशीर आहे. तेथे १९३४ पासून शिकाऱ्याला दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशांतून लक्षावधी एकर पाणथळ जमीन राखली गेली आहे. एकाच तळ्याच्या एका काठावर बंदूकवाला आणि दुसऱ्या काठावर दुर्बीणवाला, दोघांच्या पैशाने तळे टिकते, असा तो व्यवहार. आम्हाला तो पचायला जड जातो. तथापि शिकाऱ्याला तळ्याचे काहीच नसते, हा आमचा समज त्याने मोडला.

आता सुवार्तेतील त्या चिमण्यांकडे येऊ. मत्तयच्या सुवार्तेत येशू दोन चिमण्यांचा भाव सांगतो, एक पैसा. लूकच्या सुवार्तेत पाच चिमण्यांचा भाव आहे, दोन पैसे. हिशेब करून पाहा: दोन पैशांना चार यायला हव्यात. पाचवी चिमणी वर मिळते, भाजीबरोबर कोथिंबीर मिळावी तशी. जिची किंमत बाजाराने शून्य ठरवली, तिचाही पित्याला विसर पडत नाही, असे प्रभू सांगतो. आम्ही यावर अनेक प्रवचने केली. पण हे दृश्य कोठले आहे, याचा विचार केला नव्हता. त्या चिमण्या झाडावर बसलेल्या नाहीत. त्या बाजारात आहेत, जाळ्यात धरलेल्या, गरिबांच्या ताटात जाणाऱ्या. गरिबाला परवडणारे मांस तेच होते. त्यांच्यामागे विकणारा उभा आहे आणि पुढे घेणारी बाई उभी आहे. प्रभूने विकणाऱ्याला शाप दिला नाही आणि चिमणीला क्षुल्लकही म्हटले नाही. ज्या पित्याच्या ध्यानात पाचवी चिमणी आहे, त्याच्या ध्यानात चिमणी विकणाराही आहे, डोक्यावरच्या केसांसकट. आम्ही मात्र चिमणी मोजली आणि माणूस सोडून दिला.

मोशेच्या नियमशास्त्रातही, अनुवाद पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर काय करावे याचा नियम आहे. पिल्ले घ्यावीत, आईला सोडून द्यावे. भुकेल्याला नाही म्हटलेले नाही. पण सगळेच घेऊ नये, वंश चालावा, आणि हाताला थांबण्याची सवय लागावी. आज पाणथळी आटत चालल्या असताना कायद्याने थांबण्याची रेषा आणखी अलीकडे आणली, ती योग्यच आहे. त्या चक्रवाकाच्या मादीला जाळ्यात मरू देण्याचा अधिकार गरिबीनेही मिळत नाही, हे आमचे मत आजही बदललेले नाही. कुठे कुठे तर कीटकनाशक चोळलेले दाणे टाकून पक्षी मारतात आणि तेच मांस खाणाऱ्याच्या पोटात जाते. अशा वेळी गप्प बसणे हाच गुन्हा होईल. आमची चूक फोन करण्यात नव्हती. आदल्या वर्षी तो न करण्यात होती, आणि या वर्षी फोनच्या आधी आणि नंतर त्या घरी न जाण्यात होती. धर्मशिक्षणग्रंथाच्या त्याच भागात पुढे म्हटले आहे, की प्राण्यांवर प्रेम करावे, पण जो जिव्हाळा केवळ माणसाच्या वाट्याचा आहे तो त्यांना देऊन टाकू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात धरित्रीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा, असे सांगितले, तेव्हा आम्हाला ती स्त्री आठवली.

दोन्ही आक्रोश एकत्र ऐकता येतात, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या जलाशयाकाठी पांगती हे ख्रिस्ती वस्तीचे गाव आहे. सैबेरिया-मंगोलियाकडून आफ्रिकेला जाणारे अमूर ससाणे दर शरद ऋतूत तेथे लाखांनी उतरतात. २०१२ मध्ये जाळी लावून त्यांची प्रचंड कत्तल झाल्याचे देशाने पाहिले. पुढच्याच हंगामात तेथे एकही ससाणा मारला गेल्याची नोंद नाही. पोलिसांच्या धाकाने एवढे घडले नसते. गावपंचायतींनी ठराव केले, चर्चमधून लोकांना समजावले गेले, आणि जाळी लावणाऱ्यांनाच राखणीच्या कामात घेतले. ओडिशात चिलिका सरोवराकाठच्या मंगलाजोडी गावानेही २००० च्या सुमारास हीच वाट धरली. तेथे पूर्वीचे शिकारी आज होड्यांतून लोकांना पक्षी दाखवितात. पक्षी कोठे बसतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आमच्या तलावावर एवढे मोठे काही घडले नाही. आम्ही जामिनाला उभे राहिलो. त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याने “असू द्या, फादर” म्हटले आणि मान वळवली. मुकादमाच्या उचलीची रक्कम धर्मग्रामाच्या मदतनिधीतून फेडली, आणि काहींच्या विरोधाला तोंड देत त्याला तलावाच्या मच्छीमार संस्थेत घेण्यास लोकांना राजी केले. ज्यांनी सणाला मंडप दिला होता त्यांनाही जाऊन भेटलो. पुढच्या सणाला मंडप आम्ही वर्गणीतून घातला. खटला चार वर्षे चालला.

दोन हिवाळे तो आमच्याशी मोजकेच बोलला. तिसऱ्या वर्षी एका सकाळी बांधावर आमच्यामागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “फादर, तुमचा आकडा चुकतोय. दिसा हितं दिसत्यात त्याहून लई हायेत. रातीला वावरात चरायला जात्यात, पहाटं येत्यात. मोजायचं तर आंधारात या.” आम्ही अंधारात गेलो. तो म्हणाला ते खरे होते. पंखांचा सूं-सूं आवाज ऐकून कोणते बदक ते तो सांगत होता, आणि आम्ही दुर्बीण गळ्यात घालून नुसते ऐकत होतो.

त्यानंतर त्याने कधीच जाळे टाकले नाही, असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आमची बदली झाली. त्याच्या पाठीचे दुखणे राहिले असेल, ढाबेही राहिले आहेत. इतके मात्र खरे, की ती निळी वही आता उजव्या पानावर पक्ष्यांसाठी आणि डाव्या पानावर घरांसाठी आहे. कोणाकडे कोण आजारी, कोणाची उचल किती, कोणाची मुलगी शाळेतून निघाली. दोन्ही पाने भरल्याशिवाय गणना पुरी झाली असे आम्ही समजत नाही.

वाचकहो, येत्या नाताळात तुमच्यापैकी अनेकांच्या घरी बदकाचे मोईल शिजेल. त्याच नाताळाच्या तिसऱ्या दिवशी, तो माणूस कोठडीत असताना, आम्हीही वसईला बहिणीकडे ते चवीने खाल्ले होते, आणि घास घशात अडकला नव्हता. आता तो थोडा अडकतो. तुमचा अडकावा असा आमचा आग्रह नाही. ते पाळलेले बदक आहे, देवाचे आभार मानून जेवा. फक्त पानावर बसण्यापूर्वी चर्चमधल्या बाकांकडे एकदा वळून पाहा, आणि शेवटून दुसरे बाक रिकामे असेल तर त्या घरी जाऊन या.